खाली बसायचं नाही

हितेशचा फोन आला तेव्हा मी घोलवडला घरीच होते. "ताई, मम्मी गेली..." एवढंच बोलला. डहाणूला पोचले तर जमनामामीला पुढच्या खोलीत जमिनीवर घेतलेलं. खाली चटई, वर पांढरी चादर, उशाशी दिवा. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अरे, हिला खाली का घेतलंत? डॉक्टर नको म्हणालेत ना!" बायका रडायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. हितेशला मात्र कळलं. गेलं वर्षभर आम्ही त्या घरात हेच एक वाक्य घोकत होतो... मामी, खाली बसायचं नाही.

आणि मामीचं तर सगळं आयुष्यच खाली बसून गेलेलं. मासळी बाजारात तिचा पाट होता, बुटका, मधोमध झिजलेला. त्यावर बसायचं, विळी पायाखाली दाबायची आणि गिऱ्हाईकालाच दम भरायचा. "डोळे काय बघतेस? गालाखालचा कल्ला उघड, आत लाल आहे का बघ, तरच ताजी!" स्वतःचा मालसुद्धा ती असाच तपासून घ्यायला लावायची. मी एकदा सुरमई न बघता पिशवीत टाकली, तर भाची आहे हे विसरून चार बायकांत माझी अक्कल काढली.

त्याच बाजारात बर्फाच्या पाण्यावरून तिचा पाय सटकला. पडली, उठली, शिव्या घातल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन चालत घरी आली. तेच नडलं. "हाड मोडलं असतं तर चालली असती का?" सगळी आळी हेच म्हणे. दुखत होता गुडघा. मग काय, गुडघ्याला तेल, गुडघ्याला शेक. तलासरीच्या पुढे झरीकडे एक हाडं बसवणारे आहेत. मागे तिचं मनगट त्यांनी छान बसवलं होतं, म्हणून तिकडे नेलं. त्यांनी पाला वाटून लावला, बांबूच्या कांबट्या बांधल्या, त्याही गुडघ्यालाच. मग डहाणूत फोटो काढला, तोही गुडघ्याचा. "हाड शाबूत आहे, वयाची झीज आहे," म्हणून गोळ्या दिल्या. मामी आधी भिंत धरून चालायची, मग काठीने, मग दोघांचा आधार लागायला लागला. येणारा प्रत्येक माणूस नवा डॉक्टर सुचवायचा आणि चहा पिऊन जायचा. आजारापेक्षा सल्ल्यांनीच माणूस थकतो, देवाशप्पथ! मला त्या माणसांचा आणि त्या चहाचाही वीट आला होता.

शेवटी कोणाचं न ऐकता मी हितेशला गाडी काढायला लावली. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची ही रांग, मामी मागच्या सीटवर आडवी, खड्ड्यागणिक "आई गं". पलीकडे गुजरातेत हाडांचे मोठे डॉक्टर. "बा, सूई जाव," म्हणत त्यांनी तिला टेबलावर झोपवलं. गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. पाऊल धरून पाय हलकेच आत वळवला आणि मामी अशी किंचाळली की बाहेरची माणसं उठून उभी राहिली. नवा फोटो काढला, खुब्याचा. मोडलं होतं ते तिथे.

"खुब्यात मोडतं आणि दुखतं गुडघ्यात, असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "पडल्या पडल्या आला असता तर स्क्रूवर भागलं असतं. आता हाड सरकलंय, गोळाच बदलावा लागेल."

मी कपाळाला हात लावला. मामी छताकडे बघत म्हणाली, "एवढ्या जणांनी बघितलं, पण कल्ला कोणी उघडलाच नाही गं."

ऑपरेशन चांगलं झालं, उगाच कोणाला नावं ठेवणार नाही. मामी वॉकर घेऊन चालायला लागली. "बाजारात कधी बसू?" हा तिचा एकच प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "खुशाल बसा, पण खुर्चीवर. जमिनीवर नाही, पाटावर नाही. गोळा निसटेल." हितेशने बाजारात प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. मामी बसली खरी. पण विळी खाली, मासळी खाली, आणि वाकायची बंदी. शेजारच्या ताराबाई स्वतःचं गिऱ्हाईक सोडून तिची मासळी कापून द्यायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामी लवकर घरी आली. "पाहुणीसारखी बसवून ठेवलीये मला," म्हणाली आणि परत गेली नाही.

मग दारातली खुर्ची आणि ती. कोणी पाय कसा आहे विचारलं की म्हणायची, "पाय झकास आहे. मीच रिकामी आहे." हळूहळू जेवण तुटलं, बोलणंही तुटलं. पुढे छातीत कफ झाला, ते निमित्त. मला विचाराल तर पाट सुटला तेव्हाच ती निम्मी गेली होती. आता राग तरी कोणाकोणावर काढू? दमले मी.

बाराव्यानंतर ताराबाई मामीचा पाट घेऊन आल्या. इतके महिने तो त्या रोज धुऊन बाजारात तिच्या जागेवर भिंतीला उभा करून ठेवायच्या, जागा कोणाला देत नव्हत्या. हितेश म्हणाला, "ताई, तू ने." आता तो माझ्या स्वयंपाकघरात आहे. मासळी साफ करायला मी ओट्याशी उभी राहत नाही. पाट टाकते, कल्ला उघडून बघते... काम संपलं तरी थोडा वेळ तशीच बसून राहते. मला खाली बसता येतं ना.