नाचणगाव ते केळझर, आमच्या बुटक्या ट्रॅक्टरवर

भाऊजींनी संत्र्याच्या झाडांना चुन्याच्या फुल्या मारल्या, त्याच संध्याकाळी मी ठरवलं की ट्रॅक्टर मी स्वतः चालवत आणणार.

थोडं मागचं सांगते. केळझरजवळ आमची लहानशी बाग आहे. आमच्या सेलू तालुक्यात जुन्या केळीच्या बागांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात, संत्री लावणारे कमी. आमच्या यांनी लावली, आणि तीही लोकांपेक्षा जवळजवळ ओळींत, कारण यांच्याकडे तो बुटका ट्रॅक्टर होता. जुन्या काळचा, खास बागेसाठी बनवलेला. बॉनेट माझ्या कमरेपेक्षा थोडं उंच, आणि सीट इतकी खाली की फांद्या डोक्यावरून जातात. लोक विचारायचे, "खेळण्यातला आणला का जी?" हे म्हणायचे, "मंग! खेळूनच तर राह्यलो."

हे गेल्यावर ट्रॅक्टर गोठ्यात उभा राहिला तो राहिलाच. डिझेलच्या टाकीत गंज धरला, टायरांना भेगा गेल्या. मी वर्ध्याला, सिंदी मेघेत राहते. बाग माझे दीर बघतात. त्यांचे गुडघे गेले आहेत, मजूर मिळत नाहीत आणि भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आमच्या ओळींत शिरत नाही. म्हणून एक आड एक ओळ तोडायची असं त्यांनी ठरवलं आणि त्या झाडांवर फुल्या मारल्या. माणूस वाईट नाही, थकला आहे.

"वहिनी," ते म्हणाले, "ताण तोडाच्या आधी थो ट्रॅक्टर बागेत चालून दाखवा. चालला तं फुल्या म्याच पुसतो. नाई तं झाडं कापणाऱ्याले बोलावतो."

ताण म्हणजे काय, ते बागवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. हिवाळ्यात संत्र्याचं पाणी बंद करतात. झाड उपाशी राहतं, पानं मलूल होतात. मग जानेवारीत ओळींमधली जमीन वरवर नांगरून, खत घालून पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. यालाच ताण तोडणं म्हणतात. त्याला फार उशीर चालत नाही, झाड वाळायला लागतं. संक्रांत तोंडावर आली होती.

ट्रॅक्टर मी दिवाळीतच नाचणगावच्या अशोक मिस्त्रींकडे दुरुस्तीला टाकला होता. जुनी बागेची यंत्रं उघडणारे आमच्या भागात आता थोडेच उरलेत. मी अधूनमधून पॅसेंजरने पुलगावला उतरून तिथे जायची आणि स्टुलावर बसून बघायची. टाकी खोलून धुतली, नोझल साफ केले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. रेडिएटर तर त्यांनी चिंचेच्या पाण्याने आतून धुतला. मी शाळा लवकर सोडली, पण हाती लागेल ते वाचायची सवय आहे. ट्रॅक्टरसोबत आलेलं हिंदी माहितीपुस्तक मी जाता-येता गाडीत वाचून काढलं. इंजिनाचं पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखंच असतं. एकाचं बिघडलं की दुसऱ्यावर जातं.

टेम्पोत घालून का नाही आणला, असं खूप जणांनी विचारलं. त्याचं उत्तर मिस्त्रींनी दिलं. "काकू, रिंगा नव्या आहेत. चालवून चालवून बसवा लागते इंजिन. रस्त्यानं हळूहळू, रिकामा चालवत न्या. एकदम शेतात जोर देसान तं इंजिन धरून टाकीन, जाम होईन." मग चालवणार कोण? मी. कारचं लायसन्स होतंच, आणि बागेत हा ट्रॅक्टर यांनी मला शिकवलेला होता. पण रस्त्यावर कधी नेला नव्हता. रस्त्यावर हे चालवायचे आणि मी मडगार्डवर बसायची.

सोबत होत्या निर्मलाताई, माझ्या शेजारीण, निवृत्त नर्स. त्यांनी आपल्या स्कूटीला मागून लाल ओढणी बांधली आणि जाहीर केलं, "मी ॲम्ब्युलन्स."

संक्रांतीच्या सकाळी नाचणगावहून निघताना मिस्त्रींच्या बायकोने, मंदाने, ट्रॅक्टरची पूजा मांडली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. हळदीकुंकवाला जमलेल्या गल्लीतल्या बायका तबकं घेऊन तिथेच आल्या. प्रत्येकीने झेंडूचा एकेक हार आणलेला. बॉनेटला कुंकू लागलं, स्टेअरिंगला लागलं. मी जरा बाजूला उभी होते. सवय झाली आहे. हळदीकुंकवाच्या वेळी माझी मीच मागे सरकते, कोणाला सांगावं लागत नाही.

मंदा तबक घेऊन माझ्यासमोर आली. मागून एक म्हातारी कुजबुजली, "अवं, तिले कशी लावतं?"

"काऊन नाई लावाचं?" मंदा वळलीसुद्धा नाही. "लोखंडाले लावलं, चालवणारीले नको? पुलगावच्या चौकात थे लोखंड वाट काढीन का?"

बायका हसल्या. म्हातारीही हसली आणि म्हणाली, "लाव मंग, माय. जरा ठसठशीत लाव." मंदाने लावलं. हातात तिळगूळ आणि वाण म्हणून एक स्टीलची गाळणी दिली. मी घट्ट धरून ठेवली. मग इंजिन चालू केलं.

पुलगाव ते देवळी रस्ता चांगला आहे. आमचा वेग सायकलवाल्याच्या जरा पुढे, त्यामुळे सगळं नीट दिसतं. वेचून झालेल्या कपाशीची शेतं, हरभऱ्याला आलेले घाटे, काढणीला आलेली तूर. शाळेतली मुलं सायकलवरून शर्यत लावायची आणि जिंकायची. एका बसच्या कंडक्टरने खिडकीतून ओरडून विचारलं, "आजी, शीट रिकामी आहे का?" मी मडगार्डकडे हात केला. हात केल्यावर लक्षात आलं की माझी ती जुनी जागा खरंच रिकामी आहे, कारण यांच्या जागी मी बसले आहे. पुढे बराच वेळ मी फक्त रस्त्याकडे बघून चालवलं. इंजिन मात्र इतकं गोड वाजत होतं की शेवटी मलाच गुणगुणायला लागलं.

देवळीच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला.

बाजूला घेतलं, बंद केलं. पंख्याचा पट्टा पाहिला, ठीक. तेल पाहिलं, ठीक. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, एवढं पुस्तकाने शिकवलं होतं. इथेच रिंगांनी धरलं तर संपलं, परत उघडायला आठवडे जातील आणि झाडं तोपर्यंत थांबणार नाहीत.

निर्मलाताई स्कूटी लावून आल्या. कमरेवर हात ठेवून पुढून पाहिलं आणि हसत सुटल्या.

"सुमनताई, याले ताप नाई आला. तुम्ही सगळ्या जणींनी मिळून याच्या तोंडावर उशी दाबून ठेवली आहे."

झेंडूचे सगळे हार पुढच्या जाळीवर. एकावर एक, अगदी गादीसारखे. हवा जायला जागा नाही, आणि पाकळ्या ओढल्या जाऊन रेडिएटरच्या पत्र्यांत घट्ट बसलेल्या. अख्खं पुस्तक वाचलेली मी, आणि पूजेच्या भरात ते दिसलं नाही. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून केसांच्या पिनांनी पाकळ्या काढत राहिलो. तुरीच्या शेतातून एक बाई आल्या, त्यांनी हार बकरीसाठी मागून घेतले आणि बदल्यात ओंजळभर ओल्या शेंगा दिल्या. इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि सुरू केलं. काटा शहाण्यासारखा मध्ये उभा राहिला.

तुम्ही कधी जुनं वाहन असं नेलंत, तर हार आरशाला घाला.

देवळीत जेवलो. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. दोघींचं दोनशेच्या आत झालं, आणि हॉटेलवाल्याने ट्रॅक्टरसोबत फोटो काढायचे म्हणून ताक फुकट पाजलं. पुढे वर्ध्यापर्यंत मोठा सिमेंटचा रस्ता आहे. तिथे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. डाव्या कडेची पट्टी सोडू नका आणि उजेडातच पोहोचा. आम्ही सावंगीवरून ऊन कलता कलता सिंदी मेघेत शिरलो. गल्लीत ट्रॅक्टर लावला, तर रात्री झोपेपर्यंत पोरं त्यावर चढत होती.

दुसऱ्या दिवशी अंग असं दुखत होतं की जिना मागे तोंड करून उतरले. वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतला आणि निघालो. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टर चालत नाही, त्याची आम्हाला गरजही नव्हती. सेलूमार्गे जुन्याच वाटेने गेलो. सेलूत तर्री पोहे खाल्ले, निर्मलाताईंच्या नाकातून पाणी आलं तरी दुसरी प्लेट मागवली. केळझरची टेकडी दिसली तेव्हा मी खालूनच गणपतीला हात जोडले. चढ चढायला लावून देवाला आणि रिंगांना दोघांनाही त्रास कशाला.

भाऊजी बागेच्या फाटकाशी उभे होते. आवाज त्यांनी लांबूनच ऐकला असणार. "आला की व," एवढंच म्हणाले, पण टोपी काढून परत घातली.

मी थेट ओळीत घातला, आणि दोन झाडांपुढे जायच्या आत थांबावं लागलं. मागची चाकं दोन्हीकडे झाडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांवर चढत होती. डावीकडची एक फांदी मडगार्डमध्ये अडकून कडकडली. मी मागे घेतला, परत सरळ करून घातला. पुन्हा तेच. याच ओळीतून हे डोळे मिटून न्यायचे.

भाऊजींनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ते चुन्याची फुली असलेल्या एका झाडाला हात लावून म्हणाले, "राहू द्या वहिनी. तुम्ही केलं तेवढं लय झालं. दादानंही एवढं नसतं केलं."

मी खाली उतरून चाकांकडे बघत बसले. ट्रॅक्टर तोच, झाडं तीच. मग हा रुंद कसा झाला? पुस्तकातलं एक चित्र डोळ्यासमोर आलं. मागच्या चाकाची रिम वाटीसारखी खोलगट असते. वाटीचं तोंड एका बाजूने लावलं तर चाक बाहेर येतं, दुसऱ्या बाजूने लावलं तर आत जातं. मी मिस्त्रींना फोन लावला.

"चाकं बाहेर काढली का तुम्ही?"

"हो, काकू. तुम्ही एकट्या हायवेनं जाणार, पलटी नको खायले म्हणून म्या चाकं बाहेर काढून देल्ली. लय चांगला उभा राह्यते ना?" मग त्यांचं त्यांनाच आठवलं. "अरे बापा. सांगाले विसरलो. बागेत आत घ्या लागन."

काळजीपोटी केलं होतं, रागवणार तरी कसं? मी विचारलं, "डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं, बरोबर? म्हणजे टायरची नक्षी उलटी होणार नाही."

"काकू, तुम्हाले माहीतच आहे तं फोन काऊन केला?"

भाऊजींकडे जॅक होता. लाकडाचे ठोकळे ठेवून एक एक बाजू उचलली. नट मिस्त्रींनी असे आवळलेले की निर्मलाताई पान्यावर उभ्या राहिल्या आणि मी त्यांना धरून उभी राहिले. भाऊजी गुडघेदुखी विसरून खाली बसले. चाक निघालं तेव्हा तिघंही त्याच्यासोबत घरंगळता घरंगळता वाचलो.

"निर्मलाबाई, हे काम दवाखान्यात करत होत्या का?" भाऊजींनी विचारलं.

"तिथं पाय बदलत नव्हतो जी. एवढाच फरक."

चाकं आत गेली. मी बसले आणि ओळीत घातला. दोन्हीकडे पानं खांद्याला लागत होती, फांद्या डोक्यावरून गेल्या, आळी जशीच्या तशी राहिली. मागे लहान नांगर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळवला आणि दुसऱ्या ओळीतून परत आले. उघडलेल्या मातीचा वास आला. मी रडत होते की हसत होते ते मला माहीत नाही, आणि इंजिनाच्या आवाजात कोणाला कळलंही नसतं.

परत आले तेव्हा भाऊजी ओलं गोणपाट घेऊन झाडांच्या फुल्या पुसत होते.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी त्यांनी पाणी सोडलं. तोवर मी घरी परतले होते. हातांत इंजिनाची थरथर तशीच होती, पोळी लाटतानाही जाणवायची. लोक विचारतात, या प्रवासातून काय मिळालं. पाठदुखी, एक गाळणी, आणि एवढं कळलं की जुनं यंत्र ठेवायचं तर ते चालवत राहावं लागतं. उभं राहिलं की बिघडतं. मीही ही तीन वर्षं बरीच उभी होते. दुःख गेलं असं म्हणणार नाही. ते आहे तिथेच आहे, पण आता त्याच्यासोबत जाता येतं. दर पंधरवड्याला केळझरला जाऊन ट्रॅक्टर फिरवून येते. भाऊजी त्यावर बसत नाहीत, म्हणतात, "थो तुमचा आहे."

काल सकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, फूल आलं."

"कोणत्या ओळीले?"

"साऱ्याच. वास असा सुटला आहे की रस्त्यावरचे लोक थांबून राह्यले."

बातमी यांना सांगायला मी आपोआप आतल्या खोलीकडे वळले. दारापर्यंत गेलेही. मग फिरले, अंगणात आले आणि कुंपणावरून निर्मलाताईंना हाक मारली. म्हटलं, स्कूटी काढा, केळझरला वास घ्यायला जायचंय.