मासियोचा तळहात

माझा नवरा मासियो घरात जितका राहिला, त्याहून जास्त गाड्यांच्या पोटाखाली राहिला. मनिलापासून दूर, डोंगरातल्या ला त्रिनिदादच्या आमच्या गल्लीत आमचं सोडून सहा गॅरेजं आहेत, पण शॉकअप घ्यायचा झाला की सहाही जण त्याच्याच दारात. इथे नवा माल थोडा. जपानहून कंटेनर भरून येतो तो वापरलेला माल, आणि एकदा घेतला की परत नाही. मासियो शॉकअप जमिनीवर उभा धरतो, दांड्यावर उजवा तळहात ठेवून दाबतो आणि नजर छताकडे लावून हळूहळू वर येऊ देतो. हाताला कणभर पोकळ लागलं की म्हणतो, "मेलाय." "जिवंत" म्हणाला, की पुढे कोणी तपासत नाही. शॉकअप बसवून झाल्यावर गाडीचा कोपरा दाबून ती किती डोलते ते बघणं, हे कुठलंही शेंबडं पोर करतं. पण मासियोने निवडलेल्या मालावर ते करायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. एकदा माझ्या भावाने केलं होतं, तर पुढचा नाताळ आम्ही वेगवेगळा साजरा केला.

माझी खानावळ त्याच्या गॅरेजला चिकटूनच आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांची भांडणं मला फुकट ऐकायला मिळतात. मागच्या आठवड्यात डॉक विल्मर आला. हा दातांचा डॉक्टर, लहानपणापासून आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला, मासियोला मनोंग म्हणजे दादा आणि मला मनांग म्हणजे ताई म्हणणारा. त्याच्याकडे दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार आहे. गाडीचं वय तीस वर्षं, चारही शॉकअप तेल गळणारे.

"मनोंग, मनिलाहून नवा कडक सेट मागवतो," डॉक म्हणाला. "गाडी दोन बोटं खाली बसेल. वळणावर रस्त्याला चिकटून जाईल."

"मनिलात चिकटेल. बोन्तोकच्या रस्त्यावर खड्डा आला की उडेल. उडालेलं चाक कशाला चिकटतं रे, ढगाला?"

"पण दिसायला काय झकास दिसते, मनोंग!"

"सोन्याचे दातही झकास दिसतात. स्वतःच्या तोंडात का नाही बसवलेस?"

डॉक हसला आणि हरला. मासियो म्हणाला, असल्या रस्त्याला मऊ आणि लांब चालीचेच, खोल दबणारे हवेत, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होते तसे. वापरलेले मिळतील, मी निवडून देतो. जुन्या मालाच्या दुकानात त्याने अकरा दाबले, चार काढले. मी डबा घेऊन तिथेच उभी होते. एका शॉकअपवर तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. दोनदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. मला वाटलं, भूक लागली असेल. मग म्हणाला, "जिवंत."

बुधवारी चारही बसले. गुरुवारी सकाळी डॉक आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, क्लारिसला, शेजारी बसवून बोन्तोकला आजीकडे निघाला. आम्हाला हॉर्न देऊन गेला.

तासाभराने मासियो माझ्या चुलीपाशी उभा राहून मला नावं ठेवत होता, डुकराच्या रश्श्यात मीठ कमी म्हणून. मला करपल्याचा वास आला. भात बघितला, भात ठीक होता. मग त्याचा हात दिसला. चुलीच्या लोखंडी कडेवर तो तळहात टेकून उभा होता आणि मिठाबद्दल बोलतच होता.

मी किंचाळून त्याचा हात ओढला. कातडी कडेलाच राहिली. त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुखल्याची एक रेघ चेहऱ्यावर नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाय दोन वर्षं झाली. हात... पावसाळ्यापासून."

"कोणाला माहीत आहे?"

"तुला. आत्ता."

"आणि डॉकची गाडी?"

तीस वर्षांत या माणसाला मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

डॉकचा फोन लागेना. वर डोंगरात रेंज नसते. मी मासियोच्या हाताला फडकं गुंडाळलं, चुलीतली लाकडं ओढून विझवली आणि आमची जुनी जीप मीच काढली. रस्ताभर मी डावीकडे दरीत बघत होते. खाली लाल ताडपत्री दिसली, मी ब्रेक दाबला. टोमॅटोचे क्रेट दिसले, पुन्हा दाबला. कोबीचे ट्रक समोरून अंगावर येत होते. धुकं उतरायला लागलं होतं.

"कुठला होता तो? तीनदा दाबलास तो?" मी विचारलं.

"मागचा उजवा." मग फडक्यातल्या हाताकडे बघत म्हणाला, "मला कळत नव्हतं, फेलिसा. मला वाटलं, कळत नाही म्हणजे पोकळ नाही."

मला त्याला बडवावंसं वाटत होतं आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही. मी गिअर बदलला.

अटोकच्या पुढे दरड काढत होते, म्हणून गाड्यांची रांग थांबली होती. रांगेत लाल गाडी होती. समोरच्या टपरीत डॉक आणि क्लारिस आलं घातलेली भाताची पेज खात बसले होते. मी जीप रांगेच्या शेवटी लावली. दरडीच्या पलीकडे रस्ता याहून वाईट, आणि कडेला कठडाही नाही.

"मनोंग! मनांग! तुम्ही इकडे कुठे?" डॉक उठला. "काय बसवलंय हो! खड्डे कळतच नाहीत. मागून जरा होडीसारखी डुलते, पण म्हटलं, मनोंगचा हात आहे, हाच तो आराम असणार."

मी मासियोकडे पाहिलं. खरं काय ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि तो आता गप्प राहिला तर उरलेलं आयुष्य मी या माणसाशेजारी कशी झोपणार, हे मला कळत नव्हतं.

तो गाडीपाशी गेला. रांगेतले सगळे ड्रायव्हर बघत असताना त्याने मागचा उजवा कोपरा दाबला आणि सोडला. गाडी डोलली. परत डोलली. थांबेना.

"मेलाय," तो म्हणाला. "इथूनच मागे फिर, डॉक. हळूहळू. पोरीला आमच्या जीपमध्ये बसव."

"अहो, पण तुम्ही तर स्वतः दाबून..."

"मला हाताला काही कळत नाही."

डॉकला ती थट्टा वाटली. मग त्याने फडकं सोडलं, जळलेलं पाहिलं, आणि मासियोला टपरीच्या बाकावर बसवलं. टेबलावरचं दातकोरणं उचललं.

"मनोंग, तोंड तिकडे करा. टोचलं की सांगायचं."

मासियोने भिंतीकडे तोंड केलं. डॉकने जळलेलं सोडून अंगठ्याच्या बुडाशी टोचलं. मग तर्जनीच्या टोकाला. मग करंगळीला, जरा जोरात. रक्ताचा थेंब वर आला. क्लारिसने चमचा खाली ठेवला. डॉकने माझ्याकडे पाहिलं.

"कर की सुरू, डॉक," मासियो भिंतीकडे बघत म्हणाला. "पोरगी खोळंबलीय."