तळघरातला ताशा

चंदीगडच्या एका इस्पितळात मी लोकांचे कान तपासतो. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षांत हा गैरसमज मी एकदाही दूर केलेला नाही. माझ्याकडे कपाटाएवढी, जाड भिंतींची एक खोली आहे. आत पेशंट हेडफोन लावून बसतो, काचेच्या या बाजूने मी बारीक सूर सोडतो आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवरचे ड्रायव्हर येतात, डेराबस्सीच्या कारखान्यांतले कामगार येतात. सगळे विचारतात, "डॉक्टरसाब, कान ठीक हो जाएगा ना?" मी सगळ्यांना एकच सांगतो, की आवाजाने गेलेलं परत येत नाही, उरलंय ते सांभाळा.

या ज्ञानाचा मला चांगलाच माज होता. आमच्या शहरात हॉर्नवर काट मारलेल्या पाट्या जागोजागी आहेत. त्या दिसल्या की माणसाला हॉर्नची आठवण होते आणि तो वाजवतो. बुलेटवाली पोरं सायलेन्सर बदलून फटाके फोडत जातात आणि मोहीम फत्ते केल्यासारखं तोंड करतात. मी यांच्याशी भांडलो आहे. 'आलू ले लो, प्याज ले लो' ओरडणाऱ्या भाजीच्या गाडीवरच्या भोंग्याशीही भांडलो आहे, माणसाशी नव्हे, भोंग्याशीच. बायको म्हणते, तू लग्नाला आलास की यजमान आधी डीजेवाल्याच्या तोंडाकडे बघतात.

पण हे सगळं दुसऱ्यांच्या आवाजाबद्दल. आपला तो आवाज नसतोच, ती संस्कृती असते.

माझी मुलगी पंधरा वर्षांची. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तिची मराठी टिकावी म्हणून मी बडबडगीतं केली, शुद्धलेखन केलं, सुट्टीत साताऱ्याला नेऊन आत्यांच्या ताब्यात दिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी इथले सगळे मराठी आईबाप जे करतात तेच केलं, तिला इथल्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकात घातलं. तिला ताशा इतका आवडला की जेवणाच्या टेबलावर चमचे टिकेनात. जिभेवर नाही तर नाही, मनगटात तरी मराठी आली, म्हणून मी खूश.

गणपतीच्या दीड महिना आधी मंडळाच्या हिरवळीवर सराव सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त कर्नल फाटकात उभे राहिले. "मेरी मिसेज़ की तबीयत ठीक नहीं जी. थोड़ा हौली कर लो." जरा हळू वाजवा, एवढंच बोलून ते हात जोडून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान आम्हालाही ओरडता आलं असतं. समितीने माझ्याकडे पाहिलं. घरचाच तज्ज्ञ, फुकटातला.

मी उपाय काढला. मंडळाच्या हॉलखाली तळघर होतं, सराव तिथे नेला. खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीत जुन्या रजया कोंबल्या आणि आवाज मोजायचं यंत्र घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. बारा ढोल आणि सहा ताशे खाली चालू होते, आणि वर पानांची सळसळ ऐकू येत होती. कर्नलनी पिन्नीच्या लाडवांचा डबा पाठवला. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला आणि मी 'ध्वनिप्रदूषण कसे कमी करावे' यावर वीस मिनिटं बोललो. आमच्या पायाखाली मुलं वाजवत होती. बघा, काही ऐकू येतंय का, असं मी सभेला विचारलं. टाळ्या पडल्या.

त्या तळघरात मी एकदाही उतरलो नाही. खाली फरशी, भिंतींवर टाइल्स आणि हात लागेल एवढं छत. माझी पदवी नसलेल्या माणसालाही आत एक टाळी वाजवून कळलं असतं की बाहेर न जाणारा आवाज जातो कुठे.

एका रविवारी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, कान में सीटी बज रही है. कल से."

"कालपासून? मग सांगितलं का नाहीस?"

"सबको बजती है यार. पथकवाली ताई बोलती है, सीटी बजी मतलब अच्छा बजाया."

कानातल्या ज्या शिट्टीच्या नावाने मी ड्रायव्हरांना घाबरवतो, ती या पोरांनी बक्षीस करून ठेवली होती.

सोमवारी तिला माझ्या खोलीत बसवलं. दोन्ही कानांत वरच्या पट्टीतला एक सूर सोडला आणि तिचं बोट हललं नाही. मी भ्यालो. दोन आठवडे ताशा बंद, इयरफोन बंद, असं सांगितलं तर ती माझ्यावर चिडून रडली. पण इतके दिवस विश्रांती दिल्यावरच कळणार होतं, कान नुसता दमलाय की गेलाय.

त्याच संध्याकाळी समितीपुढे उभा राहिलो. सराव वस्तीपासून लांब, उघड्या मैदानात न्यायचा. अर्धा तास वाजवायचं, मग थांबायचं. ताशे एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि प्रत्येकाच्या कानात बोळे.

"काय हो डॉक्टर," सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "कानात बोळे घालून ताशा? पुण्यात हसतील आपल्याला!"

"हसू देत. पोरांना ते ऐकू तरी येईल."

"आणि तळघराचा सल्ला कुणाचा होता?"

"माझा. शाल परत देतो."

तेवढ्यात एका आईने मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाला हाक मारली. तो वळला नाही. पुन्हा मारली, तरी नाही. कानामुळे की वयामुळे कोण जाणे, पण ठराव पास झाला.

दोन आठवड्यांनी मुलगी परत खोलीत बसली. शिट्टी थांबली होती. उजवा कान स्वच्छ निघाला आणि मी देवाला नारळ कबूल केला, मी, जो देवाच्या लाउडस्पीकरचीही तक्रार करतो. मग डावा. तळघरात वाजवताना भिंतीकडे असायचा तो. खालचे सूर सगळे आले. वरचा तो एक सोडला, बोट नाही. थोडा मोठा केला, तरी नाही. पुन्हा एकदा सोडला. वीस वर्षांत हजारो माणसांपुढे मी चेहरा कोरा ठेवला आहे, पण त्या दिवशी तो मला ठेवता आला नाही.

ती काचेतून माझ्याकडे बघत होती. थोडा वेळ बघत राहिली आणि मग हसून तिने बोट वर केलं.

तेव्हा मी सूर सोडायचं बटण दाबलंच नव्हतं.