आईच्या टाचेखालची गोधडी

हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मीही हसलेच असते. मी तीस वर्षं नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्यातून आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. भूत, भगत, उतारा, अंगारा यातलं काही वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. लहानपणी शेजारच्या काकूंनी माझी दृष्ट काढली म्हणून त्यांनी काकूंशी आठ दिवस अबोला धरला होता! अशा घरात हे घडलं... आणि तेही भर दुपारी, मे महिन्याच्या लख्ख उजेडात.

साल १९८७. नाशिक रोडच्या बाजूला एका कॉलनीत आम्ही तळमजल्यावर राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे घरात आई आणि मी, दोघीच. थोरला भाऊ सिन्नरला कारखान्यात होता, त्याचं बिऱ्हाडही तिकडेच. आईचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले, सांधाच बदलावा लागेल. तेव्हा आमच्या ओळखीत हे ऑपरेशन कुणी केलेलं नव्हतं, त्यासाठी मुंबईला जावं लागणार होतं. दादा ठाम नाही म्हणाला.

"काठी घेऊन का होईना, चालते ना ती? उद्या पाय वाकडा राहिला तर जबाबदार कोण?"

"मी," असं मी अगदी ठसक्यात म्हटलं. तेव्हा त्या शब्दाचं वजन मला कुठे माहीत होतं!

ऑपरेशन चांगलं झालं. घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट तीनदा सांगितली – गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. ठेवायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा अधांतरी राहतो आणि हळूहळू सरळ होतो. गुडघ्याखाली ठेवली की पेशंटला बरं वाटतं, पण पाय वाकलेलाच आखडतो आणि मग सरळ होत नाही. सहा आठवड्यांनी ते पुन्हा बघणार होते.

ऐकायला सोपं आहे हो. पण माझी आई जन्मभर जमिनीवर, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली बाई. तिला आता लोखंडी खाटेवर उताणं पडून राहायचं होतं. कूस वळायची सोय नाही. पाठ बधिर व्हायची, टाच जळायची, पट्टी घामानं भिजायची. शेजारच्या फ्रिजमधला बर्फ पंच्यात गुंडाळून मी गुडघ्यावर धरायची, तो वितळेपर्यंत तेवढं बरं. रात्री तर डोळ्याला डोळा नाही. दर पाव तासानं विचारायची, "शोभे, किती वाजले गं?" ... मी दोन वाजलेले असले तरी चार सांगायची.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी आई रडली. ही बाई वडील गेले तेव्हासुद्धा चारचौघांत रडली नव्हती.

"शोभे, गुडघ्याखाली कायतरी दे ना गं. लय ओढ बसती. तेवढाच डोळा लागंल."

मला बघवेना. मी जुन्या गोधडीची घट्ट गुंडाळी केली आणि गुडघ्याखाली सारली. तिचा चेहरा एकदम सैल पडला, दोन मिनिटांत घोरायला लागली. मी काय करतेय ते मला पुरतं ठाऊक होतं. तरी मग रोज दुपारी तेच चाललं. आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या यायच्या आधी मी गोधडी लपवायची. त्या गुडघ्याखाली तळवा घालून बघायच्या.

"हात अजून आरपार जातोय. टाचेखालीच ठेवता ना?"

"हो तर," मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायची. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी ओणवं उभं करायची, आणि इथे माझं हे असं.

दुसऱ्या आठवड्यात ते सुरू झालं. दुपारचा एक वाजला होता. उन्हामुळे दाराला आतून कडी होती. गुडघ्याखाली गोधडी ठेवून मी मोरीत कपडे धुवायला बसले. पंधरा-वीस मिनिटांनी आले तर गोधडी टाचेखाली! गुडघा अधांतरी, पाय ताणलेला, आई झोपेत पण कपाळाला आठ्या. मला वाटलं, तिनंच सरकवली असेल. पण तिला तो पाय स्वतःच्या बळावर चार बोटंसुद्धा उचलता येत नव्हता.

उठल्यावर तीच म्हणाली, "काढलीस व्हय? मला वाटलं, बाईचं ऐकलंस."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी परकराची नाडी घेतली आणि गोधडी मांडीला दोन गाठी मारून बांधली. स्वयंपाकघरात जाऊन दहा मिनिटांत परत आले. गोधडी टाचेखाली होती. नाडी सोडून, बोटांवर गुंडाळून, तिचं लहानसं वेटोळं स्टुलावर ठेवलं होतं. कडी जशीच्या तशी. आईचा हात त्या स्टुलापर्यंत पोचत नाही, हे मी नंतर तिला हात लांबवायला लावून तपासलं.

संध्याकाळी आई शांतपणे म्हणाली, "कुनीतरी घोट्याला धरतंय गं. दोन्ही हातांनी. हात खरबरीत हाय. दुखतं लय, पन झटका नाय देत."

"आणि तू गप्प पडून राहतेस?"

"भ्या वाटतंच की. म्हनून तर डोळं उघडत नाय मी."

मला वडील आठवले. मी तसं चाचरत म्हटलंही. दुखणं विसरून आई हसली. "तुझा बाप? त्यानं जन्मात कधी माझ्या पायाला हात लावला नाय. आन् त्याचे हात कारकुनाचे, मऊ."

मी मात्र हसू शकले नाही. टाके नुकतेच निघाले होते, आत नवा सांधा. तो पाय कुणीतरी माझ्या पाठीमागे उचलत होतं. काही तुटलं, सरकलं तर? दादाला काय सांगणार होते मी? शेवटी ठरवलं, समोर बसून बघायचं.

दुसऱ्या दिवशी कडी दोनदा ओढून पाहिली, खिडक्या लावल्या, गोधडी गुडघ्याखाली ठेवली आणि पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. वीज गेली होती, पंखा बंद. घाम कानामागून ओघळत होता पण मी पुसला नाही. नजर पायावरून हलवायची नव्हती. आईला झोप लागली.

आधी घोट्यावरची चादर दबली. दोन्ही बाजूंनी, मुठीत धरल्यावर कापड जसं चुरगळतं तसं. मग टाच वर आली. वीतभर... अगदी सावकाश. गोधडी खाली सरकायला लागली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा सरकली ती टाचेपर्यंत गेली. मग पाय तिच्यावर टेकला. मी काय केलं? काहीच नाही.

तेवढ्यात आई दात आवळून कण्हली. त्या आवाजानं मी उठले. गोधडीचं टोक धरलं आणि ओढलं. ती येईना. अडकलेली नव्हती हो... धरलेली होती. मी ओढलं की पलीकडून ओढ बसायची, मी जरा सैल सोडलं की तिकडूनही सैल.

"सोड!" मी ओरडले. समोर कुणी दिसत नसताना, विज्ञानाची बाई! "तिला दुखतंय, दिसत नाही का तुला? सोड तिला!"

आईनं डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "शोभे, तू सोड."

मी सोडलं. मोरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि खूप रडले. भीतीनं रडले की लाजेनं, ते आजही सांगता यायचं नाही.

त्या दिवसानंतर गुडघ्याखाली गोधडी गेली नाही. दुपार झाली की मी स्वतः टाच उचलून तिच्याखाली ठेवायची आणि आईचं कण्हणं ऐकत शेजारी बसायची. पुन्हा काही हललं नाही. सहा आठवड्यांनी मुंबईच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली हात सारून पाहिला. हात गेला नाही. "एकदम सरळ! घरी कोणी केलं हे सगळं?" आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली. डॉक्टरांना वाटलं, बाई विनयशील आहेत.

आई त्यानंतर सोळा वर्षं चालली. भाजी आणायला तीच जायची, आणि दादानं तिच्या पायाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. स्नायूंचे झटके, झोपेतली हालचाल, उन्हानं भ्रमिष्ट झालेलं माझं डोकं – सगळं मी स्वतःला समजावून पाहिलं आहे. नाडीच्या वेटोळ्यापाशी येऊन सगळं थांबतं.

आईला मी याबद्दल एकदाच विचारलं. ती मेथी निवडत होती. म्हटलं, "डॉक्टरांना माझं नाव का सांगितलंस? तो पाय मी सरळ केला नव्हता."

"मग कुनाचं सांगू?" ती म्हणाली. दोन-चार काड्या निवडून झाल्यावर मान वर न करताच पुढे बोलली, "त्याला माझं दुखनं बघवत व्हतं. तुला बघवत नव्हतं. येवढंच."

तो हात कुणाचा होता ते मला अजून कळलेलं नाही.