कूलरखालचा स्टँड

खोपटच्या गॅरेजमध्ये विश्राम घरत वीस वर्षं फोरमन आहे. मागच्या महिन्यात जॅक घसरला आणि गाडी विनीत मेकॅनिकच्या बुटावर बसली. बोटं थोडक्यात वाचली.

मालकीण उत्तराताई धावत आल्या. "गाडीला आधाराचा स्टँड का नाही लावलास?" त्यांनी विनीतला विचारलं.

"घाईत विसरलो, ताई."

"विसरला नाही तो," विश्राम म्हणाला. "पाण्याच्या कूलरचा पाय मोडलाय म्हणून स्टँड मीच तिथे लावलेला. याने मागितला, तर मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, कर तसंच."

मग त्याने स्वतःच कूलर जमिनीवर उतरवला. आता पाणी प्यायला सगळ्यांना उकिडवं बसावं लागतं. विश्रामच्या गुडघ्यांना ते जमत नाही. विनीत हसत हसत त्याचा ग्लास भरून देतो.