सायकल भागिले पाच

उस्ता करमअलीच्या सायकलीचा चिमटा मोडला तो मंगळवारी सकाळी, पाण्याच्या हौदाशेजारच्या वळणावर. मागे कॅरिअरवर वीस किलो कापूस, खांद्याला पुरुषभर उंचीची धनुकली, आणि पुढचं चाक अचानक भलतीकडेच निघालेलं. उस्ता पडला, पण पडताना धनुकली वर धरून पडला. कोपर सोलून निघालं, धनुकलीला खरचटलंसुद्धा नाही. पिंजारी असाच पडतो.

वेल्डिंगवाल्याने सायकल उलटीपालटी करून पाहिली आणि हात झटकले. "उस्ता, हिच्यात आता माझं वेल्डिंगच तेवढं उरलंय. सायकल कुठाय, ती तुम्हीच दाखवा."

चौतीस वर्षं त्या सायकलीने इराणातल्या यझ्दच्या गल्ल्या तुडवल्या होत्या. कुणाची मुलगी उजवायची म्हटली की तिच्याबरोबर द्यायच्या गाद्या-रजयांसाठी उस्ताला बोलावणं यायचं. अंगणात कापसाचा ढीग, त्यात मांडी ठोकून बसलेला उस्ता, आणि धनुकलीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. आता फोमच्या गाद्या आल्यात. पण फोमचं नाव त्याच्यासमोर काढायचं नाही. जो काढेल तो निस्तरेल.

मुलगा फरामर्ज नेमका त्याच आठवड्यात हांबुर्गहून आलेला, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर. बारा वर्षांत ही त्याची दुसरी खेप. संध्याकाळचा चहा चालला होता. बापाच्या कोपरावरची पट्टी बघून तो म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला नवी सायकल घेऊन देतो. चांगली दणकट."

उस्ताचा जीव सुपाएवढा झाला. पण लगेच हो म्हणायला तो काय भिकारी होता? "छे छे, कशाला? माझं काय आता नव्या सायकलीचं वय आहे? नको, नको."

आता इथून पुढे काय व्हायचं, हे यझ्दमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलाने म्हणायचं, असं कसं, बाबा! बापाने पुन्हा नको म्हणायचं. मुलाने जिवाची शपथ घालायची. बापाने म्हणायचं, उगाच खर्चात पडतोस. मग मुलाने हात धरून उठवायचं, आणि बापाने कुरकुरत चपला पायात सरकवायच्या. तीनदा विचारायचं. फार नाही हो, तीनदाच!

फरामर्ज म्हणाला, "बरं, जशी तुमची मर्जी." आणि त्याने ताटलीतली काकडी उचलली.

आईचा, तूबाचा, सोलणारा हात तिथल्या तिथे थांबला. उस्ता समोरच्या खडीसाखरेकडे बघत राहिला. काकडी कर्रकन मोडली, आणि त्या आवाजाने उस्ताचं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

चार दिवस तो घरात कुणाशी धड बोलला नाही. चहाचा पेला आपटायचा, दार आपटायचा, जे हाताला लागेल ते आपटायचा.

"अहो, त्याच्या लक्षात नाही आलं," तूबा समजूत घालायची. "बारा वर्षं परमुलखात काढलीत पोराने."

"म्हणून काय कान तिकडेच ठेवून आला? बाप नको म्हणतो आणि हा काकडी खातो! मी बाप आहे की दारावर आलेला कुणी फेरीवाला?"

पाचव्या दिवशी त्याने जाहीर केलं, सायकल मी घेणार, माझ्या पैशाने. आगा जलीलच्या दुकानात काळी, पोलादी, जाड कॅरिअरची एक टांगलेली होती. अठरा मिलियन तोमान.

फरामर्ज लगेच फोन काढून सरसावून बसला. त्याचा स्वर समजुतीचा होता, आणि तोच उस्ताला जास्त टोचत होता. "बाबा, आठ मिलियनलाही सायकल मिळते. वरचे दहा कशासाठी, ते जरा नीट समजून घेऊ."

"घे समजून," उस्ता म्हणाला. "वीस किलो कापूस. वर धनुकली, मोगरी, शिवायच्या चादरी. आठवालीचं कॅरिअर पहिल्याच आठवड्यात मान टाकेल. ती दप्तर न्यायला ठीक आहे."

"पण महिन्याला कामं तरी किती येतात? तीन? चार?"

"एक आलं तरी मला जावंच लागतं ना? का रजई चालत येणार माझ्याकडे?"

फरामर्जची बोटं फोनवर चालली होती. "हे बघा. अठरा भागिले पाच, म्हणजे वर्षाला साडेतीनच्या वर जातं. आठ भागिले पाच केलं तर दीडच्या आसपास."

"हे पाच कुठून आले?"

"वर्षं, बाबा. वापराची."

"मागची सायकल चौतीस वर्षं चालली."

तूबा हळूच म्हणाली, "पोरा, ठेव तो फोन खाली."

"का ठेवेल? बोलू दे त्याला! पाच कुणाचे रे? सायकलीचे की माझे?" उस्ताचा आवाज आता गल्लीत जात होता. "आज सदुसष्ट, म्हणजे बहात्तरला बाप खलास. ठरलंच तर! जा, कबर खणणाऱ्याला तारीख देऊन ये! परवा बागेतल्या हॉटेलात तुम्ही दोस्तांनी चार मिलियनचे कबाब हाणलेत, ते कितीने भागलेस? हातातला हा फोन कितीने भागलास? मेला तुझा भागाकार, तो माझ्याच सायकलीच्या वेळी बरा आठवला!"

आणि तो तसाच चपला घालून निघाला. मागून फरामर्ज, तोंड एवढंसं करून.

आगा जलीलच्या तिन्ही मुलींच्या रजया उस्ताच्या हातच्या. जलीलने सायकल खाली उतरवली, फडक्याने पुसली. किंमत ठाऊक असूनही उस्ताने रीतीप्रमाणे विचारली. जलीलने रीतीप्रमाणे छातीवर हात ठेवला. "काय उस्ता, तुमच्यापुढे किंमत कसली? तुमचीच आहे ती. खुशाल घेऊन जा."

उस्ता तोंड उघडणार, तोच फरामर्ज पुढे झाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आगा जलील, बाबांचा एवढा मान राखलात! तुमचे उपकार कसे फेडू!" असं म्हणून त्याने हँडल धरलं आणि सायकल सरळ दाराकडे ढकलत नेली.

जलीलचा हात छातीवरच राहिला. चेहरा पार उतरला.

"थांब!" उस्ता गरजला. "ठेव ती सायकल! अरे गाढवा, तो देत नाहीये!"

"पण आत्ताच म्हणाले ना, घेऊन जा?"

"म्हणणारच! मग काय, पैसे काढ म्हणेल? तो घेऊन जा म्हणतो तेव्हा आपण पैसे द्यायचे असतात! आणि आपण नको म्हणतो तेव्हा समोरच्याने…" उस्ता मध्येच थांबला.

फरामर्ज हँडल धरून उभा होता. "म्हणजे त्या दिवशी, चहाच्या वेळी, तुम्ही नको म्हणालात, ते…"

जलील पुसलेली सीट पुन्हा पुसू लागला.

चार दिवस ज्याला तो कंजूष म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत होता, तो कंजूष नव्हताच. कंजूष असता तरी परवडलं असतं, कंजूष माणूस आपल्यातलाच असतो. हा घरचीच भाषा बोलत होता, आणि घरचं काही त्याला कळत नव्हतं. उस्ताचा राग तसूभरही उतरला नाही, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना.

फरामर्जने पाकीट काढलं. "बाबा, मी देतो."

"नको."

"तुम्हाला माझ्या जिवाची शपथ आहे."

"नको म्हटलं ना!"

"असं कसं, बाबा!" त्याने उस्ताची बाही धरली. क्रम चुकला होता, पण तीन झाले. मग त्याने चौथ्यांदाही विचारलं, पाचव्यांदाही.

आता मात्र नको म्हणजे नकोच होतं. पाचने भागलेला पैसा उस्ताला नको होता. त्याने बाही सोडवून घेतली, आपलं कार्ड जलीलच्या हातात ठेवलं आणि त्याचा गुप्त आकडा, तिथे दुकानात सगळेच सांगतात तसा, मोठ्याने सांगितला.

"या चिमट्याची हमी किती वर्षांची, आगा जलील?"

"दहा वर्षांची, उस्ता. लिहून देतो."

"मला नको सांगूस. त्याला सांग. जरा मोठ्याने."

जलीलने जमिनीकडे बघत सांगितलं, "दहा." फरामर्जने मान खाली घातली.

उस्ताने सायकल रस्त्यावर आणली, कॅरिअर दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि टांग मारली. पाय पायडलवर ठेवून तो म्हणाला, "अकराव्या वर्षी दुसरी घ्यायला येईन. तेव्हा ये. आणि मी नको म्हणालो तर तीनदा विचार."