कडुबाचे एकतीस पॉइंट चार सेकंद

सिल्लोड-फुलंब्रीकडं शंकरपट भरायचे तेव्हा घड्याळ कडुबा शिंगाडेच्या हातात असायचं. झेंडी पडून बैलजोडी सुटली की त्याचा अंगठा खाली, जोडीनं रेषा ओलांडली की पुन्हा खाली. मालक कितीही मोठा असो, पॉइंट इकडचा तिकडं व्हायचा नाही. एकदा तर सख्ख्या मेहुण्याची जोडी त्यानं सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं हरलेली जाहीर केली. त्या वर्षी पंचमीला माहेरी गेलेली त्याची बायको सारजाबाई दिवाळी उलटल्यावर परत आली.

पुढं पटांवर बंदी आली. घरची शेरडं थोरल्या मुलानं सांभाळली आणि कडुबा करमाडहून सायकलनं शेंद्र्याच्या एका छोट्या कंपनीत जाऊ लागला. काही वर्षांनी बंदी उठली, पण तोवर रेषेवर किरणांची घड्याळं आली होती. अंगठ्याचं काम संपलं होतं. स्टॉपवॉच मात्र शर्टाच्या खिशात तसंच राहिलं.

कंपनी दूध डेअरीवरची यंत्रं बनवायची. एक डबा, त्याला पडदा, वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र आणि पावती छापायचा छोटा प्रिंटर. डब्याच्या आत लिनक्स, म्हणजे सगळी कामं चालवणारी संगणक प्रणाली. कडुबाचं काम सोपं होतं: नवे डबे दिवसभर चालू-बंद करायचे आणि कोणता दगावतो ते बघायचं. आतलं सॉफ्टवेअर लिहायची प्रेरणा. हर्सूलहून स्कूटीवर येणारी ही पोरगी कडुबाला काका म्हणायची आणि त्याच्या जेवणाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता खायची.

एक दिवस कंपनीचे मालक इंद्रजीत साहेब लाल तोंडानं आत आले. तालुक्याचा एक दूध संघ दोनशे डबे घेणार होता, पण संघाचे अधिकारी साहेबराव अडून बसले होते.

"ते म्हणतात, लाइट जाऊन आली की तुमचा डबा दीड मिनिट झोपतो. गावात लाइट दिवसातून दहादा जाते. लाइट आल्यापासून तीस सेकंदांत वजन झालं पाहिजे, नाहीतर डबे परत."

"दीड मिनिट? शक्यच नाही," प्रेरणा म्हणाली. तिनं डब्याला लॅपटॉप जोडला, एक ओळ टाइप केली आणि पडदा साहेबांकडं वळवला. "बघा. सुरू व्हायला एकवीस सेकंद. डबा स्वतः सांगतोय."

कोपऱ्यात कडुबा खाकरला. "ताई, माझ्या घड्याळात चौतीस येत्यात."

"काका, तुमचा अंगठा..."

"अंगठ्याचं नाव काढू नका."

मग तिथंच पट भरला. कडुबानं बटण दाबलं आणि घड्याळही. डब्याचा पडदा काळा. काळाच. मग कंपनीचं चित्र आलं. "एकवीस झाले," प्रेरणा म्हणाली. कडुबा हलला नाही. त्यानं काट्यावर पाण्याची बाटली ठेवली होती आणि तो आकड्याची वाट बघत होता. आकडा उमटला तसा अंगठा पडला. चौतीस पॉइंट दोन.

प्रेरणानं डोकं खाजवलं. "कसंय काका, लिनक्स मोजायला लागतं ते स्वतःला जाग आल्यापासून. त्याच्या आधी डब्यात वीज खेळते, एक छोटा प्रोग्राम त्याला उठवतो, ते त्याच्या हिशोबात नसतं. आणि सगळी कामं सुरू करून दिली की ते म्हणतं, झालं माझं. वजनाचा पडदा त्याच्यानंतर येतो."

कडुबाला हे ऐकून खरोखरच धक्का बसला. "म्हंजी बैलानंच घड्याळ लावायचं, आन् बैलानंच सांगायचं मी पोचलो?"

"तसंच काहीसं."

"आन् तुम्ही साहेबाला तो आकडा दावला?"

प्रेरणा ओशाळली. त्या दिवसापासून ठरलं, घड्याळ बटणावर सुरू आणि वजनाच्या आकड्यावर बंद. आणि एकदा मोजून भागायचं नाही, दहादा मोजायचं. हे दहादाचं प्रेरणानं शिकवलं. पटात जोडी एकदाच पळते, त्यामुळं कडुबाला सुरुवातीला यात काहीतरी लबाडी वाटली. पण आकडे वहीत एकाखाली एक उतरले तेव्हा त्याला मजा येऊ लागली. सकाळचा पहिला आकडा कायम जरा मोठा यायचा. "थंडीनं," तो म्हणाला. प्रेरणानं ते खोडलं नाही, कारण तिला दुसरं कारण सापडलं नव्हतं.

तरीही दीड मिनिटाचा पत्ता लागेना. मग प्रेरणानं दुसरी एक ओळ टाइप केली. पडद्यावर डब्याच्या आतल्या कामांची यादी आली, कुणी किती वेळ खाल्ला ती. सगळ्यांत वर जुन्या नोंदी आवरणारं काम, नऊ सेकंद.

"घावला चोर!" कडुबा म्हणाला. "हाना त्याला."

प्रेरणानं ते काम बंद केलं. कडुबानं मोजलं. चौतीस पॉइंट एक.

"आसं कसं? नऊ सेकंदाचा गडी बाहेर काढला, आन् पॉइंटभर फरक?"

"त्याच्यासाठी कुणी थांबलंच नव्हतं ना काका. तो आपला बाजूला बसून आवरत होता. लई वेळ कुणी घेतला ते महत्त्वाचं नाही. बाकीचे कुणासाठी अडून बसलेत ते बघायचं."

हे वाक्य कडुबानं सायकलवर करमाडपर्यंत घोळवत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेवर घड्याळ घेऊन बसला. सारजाबाईकडून चहा मिळायला रोज उशीर होतो अशी त्याची जुनी तक्रार होती, आणि आज पुराव्यानिशी बोलायचं होतं. सारजाबाईनं झाडलं, चूल पेटवली, भांडी विसळली. पंचवीस मिनिटं झाली तरी चहा नाही.

"पंचवीस!" कडुबा म्हणाला. "कुठं आडलंय?"

"दुधासाठी आडलंय," सारजाबाई म्हणाली.

"दूध कशापायी आडलं?"

"शेळी पिळायची ऱ्हायली."

"ती का ऱ्हायली?"

सारजाबाईनं हातातली फुंकणी खाली ठेवली. "पोरगं गेलंय परगावी. शेळी पिळायची तुम्ही. आन् तुम्ही बसलात घड्याळ घिऊन."

कडुबानं घड्याळ खिशात टाकलं आणि चरवी उचलली. हा किस्सा त्यानं स्वतःच प्रेरणाला सांगितला. ती हसत टेबलावर डोकं टेकून बसली आणि एकदम ताठ झाली.

"काका, इथं डब्याला सगळं मिळतं. गावात काय मिळत नाही?"

"गावात? लाइट मिळत नाय, रेंज मिळत नाय..."

"रेंज!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं डबा घेऊन करमाडच्या पुढं एका वाडीवरच्या डेअरीत गेली. तिथं रेंज शोधायला मोबाइल उंच करणारा माणूस म्हणजे नवखा, असं ओळखायची रीत होती. केंद्रावर दुधाच्या किटल्या घेऊन पंधरा-वीस लोक उभे. कडुबाला बघताच एक म्हातारा ओरडला, "आरं, पटातला घड्याळवाला! आज कोन पळतंय?"

"हे," कडुबानं डब्याकडं बोट केलं. लोकांनी लगेच गोल केला. कुणीतरी "सुटली!" म्हणालं. तीस सेकंद गेले, चाळीस, साठ. गर्दीतून "बसली जोडी" असा आवाज आला. एक मिनिट एकतीस सेकंदांनी आकडा उमटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेरणाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पण लॅपटॉपवरच्या कामांच्या यादीत उत्तर होतं. सगळ्यांत वर, साठ सेकंद: इंटरनेट येण्याची वाट बघणं. आणि वजनाचा पडदा नेमका त्याच्याच मागं अडून बसलेला.

"हे साठ सेकंद इंटरनेटची वाट बघतंय?" कडुबानं विचारलं.

"व्हय काका," प्रेरणाही आता तशीच बोलू लागली होती. "ऑफिसात ते तीन सेकंदांत मिळतं. म्हणून आपल्याला कधी दिसलंच नाही."

"हितं सरपंचाला मिळाना, ह्याला कुठून मिळल! आन् म्हैस दूध द्यायला इंटरनेट मागती का?"

प्रेरणानं लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथंच दुरुस्ती केली. वजनानं वजनाचं काम करायचं, इंटरनेट येईल तेव्हा येईल. आता वहीतले आकडे तिसाच्या आसपास घोटाळू लागले, कधी जरा अलीकडं, कधी जरा पलीकडं.

चौथ्या दिवशी साहेबराव स्वतः त्याच डेअरीत परीक्षा घ्यायला आले. इंद्रजीत साहेब इस्त्रीच्या शर्टात. साहेबरावांच्या हातात मोबाइल, कडुबाच्या हातात स्टॉपवॉच. बटण दाबलं. आकडा उमटला.

साहेबरावांनी मोबाइल बघितला. "एकोणतीस पॉइंट आठ. पास!"

इंद्रजीत साहेब हात पुढं करतात तोच कडुबा म्हणाला, "एकतीस पॉइंट चार."

"काय?"

"साहेब, तुमचा अंगठा उशिरा पडला. बटण दाबलं तवा तुम्ही माशी हाकलत व्हता."

इंद्रजीत साहेबांनी कडुबाकडं असं बघितलं, की त्याला पटात हरलेला मेहुणा आठवावा. "कडुबा, साहेब स्वतः पास म्हणतायत."

"म्हनू द्या की. पर वेळ एकतीस पॉइंट चार हाय."

मग गर्दीतला तोच म्हातारा म्हणाला, "साहेब, ह्याच्याशी वाद घालू नका. ह्यानं मेव्हण्याला सोडलं नाय."

साहेबराव हसले, पण आठ दिवसांची मुदत देऊन निघून गेले. इंद्रजीत साहेब दोन दिवस कडुबाशी बोलले नाहीत. प्रेरणा मात्र कामाला लागली आणि तिसऱ्या दिवशी तिला एक गंमत सापडली. लिनक्सला उठवणारा तो छोटा प्रोग्राम दर वेळी तीन सेकंद नुसता थांबायचा. कुणी कीबोर्डवरचं बटण दाबतंय का ते बघायला.

"पन डब्याला कीबोर्डच नाय," कडुबा म्हणाला.

"म्हणूनच तर!"

ते तीन सेकंद काढले. दहादा मोजलं. एकही आकडा साडेअठ्ठावीसच्या वर गेला नाही. साहेबराव पुन्हा आले तेव्हा त्यांनी मोबाइल खिशातून काढलाच नाही. कडुबानं दाखवलेला आकडा बघितला, त्याच्या वहीवर सही केली आणि दोनशे डब्यांचा कागद इंद्रजीत साहेबांच्या हातात दिला.

वर म्हणाले, "आधीच्या कंपनीचे लोक नुसते हो हो म्हणायचे. हा माणूस ठेवा."

पुढच्या महिन्यात कडुबाचं ओळखपत्र बदललं. त्यावर 'चाचणी विभाग' असं छापून आलं. विभागात तो एकटाच होता, पण प्रेरणानं त्याच्या टेबलावर तशी पाटी लावली. आता एखाद्या नव्या पोरानं पडद्यावरचा आकडा दाखवून "एवढ्या सेकंदात सुरू होतं" म्हटलं, की ती शांतपणे विचारते, "हे कोण म्हणतंय, डबा की काका?"